जालन्याची एमआयडीसी आणि गाडीची एमआयडीसी

मित्रांनो, जालना म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? कुणी म्हणेल मोसंबी, कुणी म्हणेल बियाणं. दोन्ही बरोबर! संकरित बियाण्यांचं मोठं काम करणारी महिको ही कंपनी १९६४ साली इथेच सुरू झाली. मोसंबी तर इथली अशी रसाळ, की एकदा खाल्ली की दुसऱ्या गावची फिकीच लागते. जुनी माणसं अजून म्हणतात, 'जालना, सोने का पालना.' सोन्याचा पाळणा, बरं का!

पण आज आपण बागेत जायचं नाही. आज जायचं लोखंडाच्या गावात.

छत्रपती संभाजीनगरहून जालना साठ किलोमीटरच्या आसपास. बदनापूर मागं पडलं, की थोड्या वेळानं शेतं संपतात आणि पत्र्याच्या उंच शेड, धुराडी, भंगाराचे डोंगर दिसू लागतात. ही जालन्याची एमआयडीसी. एमआयडीसी म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. १ ऑगस्ट १९६२ ला ते स्थापन झालं. पण आपण कुणी एवढं लांबलचक नाव घेतो का? कारखान्यांच्या वसाहतीलाच आपण 'एमआयडीसी' म्हणून टाकतो. 'बाबा कुठं गेले?' 'एमआयडीसीत.' संपलं!

जालन्याच्या एमआयडीसीत मोठा मान सळईचा. तुमच्या घराच्या, शाळेच्या, पुलाच्या स्लॅबमध्ये जे लोखंडी गज असतात, ते इथं रोजच्या रोज तयार होतात. गंजलेले पत्रे, मोडकी यंत्रं, जुने खांब असं सगळं भंगार भट्टीत पडतं. भट्टीत तापमान सोळाशे अंशांच्या घरात, म्हणजे उकळत्या पाण्याच्या सोळापट! वितळलेल्या रसाचे लांबट ठोकळे ओततात. ते लालभडक ठोकळे रोलिंग मिलमध्ये एकामागून एक फिरत्या रोलरांतून दाबून काढतात. जाड ठोकळा आत जातो आणि दुसऱ्या टोकानं लालबुंद साप सळसळत यावा तशी सळई बाहेर येते. हे रोलर लक्षात ठेवा हं, आपल्याला आणखी एका जागी रोलर भेटणार आहेत.

एमआयडीसीत आणखी एक गोष्ट जागोजागी दिसते. वजनकाटा! लोखंड विकलं जातं वजनावर, म्हणून अख्खाच्या अख्खा ट्रक काट्यावर चढवतात. आधी रिकामा, मग भरलेला. दोन्हींची वजाबाकी केली, की माल किती ते कळतं. वजनाच्या पावतीवर सगळा व्यवहार चालतो. इथं कुणी 'अंदाजे पंचवीस टन असेल' म्हटलं, तर लोक हसतील.

आता गंमत बघा. ज्या ट्रकचं वजन असं काटेकोर मोजलं जातं, त्याच ट्रकच्या डिझेलची गोष्ट निघाली की आकडे एकदम लवचिक होतात. काट्याजवळच्या चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हरकाका बसले होते. माझ्याबरोबरच्या भाच्यानं त्यांना सरळ विचारलं, "काका, तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?"

काका हसले. म्हणाले, "बाळा, भरलेली का रिकामी?"

"दोन्ही सांगा."

"भरून निघालो तर साडेतीन. रिकामा आलो तर पाच, सव्वापाच. घाट लागला तर तीनपण नाही. अन् काट्याच्या लाइनीत इंजिन चालू ठेवून बसलो, तर शून्य!"

बघा, एका माणसानं एका दमात एकाच गाडीची चार ॲव्हरेजं सांगितली. आणि चारही खरी!

भाच्याचा चेहरा मात्र पडला. साडेतीन? त्याच्या बाबांची कार तर लिटरला अठरा किलोमीटर जाते. मग आम्ही टपरीवरच हिशोब मांडला. ट्रकमध्ये पंचवीस टन सळई. एका लिटरमध्ये साडेतीन किलोमीटर. म्हणजे एका लिटरमध्ये ट्रकनं एक टन ओझं साडेसत्त्याऐंशी किलोमीटर नेल्यासारखं झालं. कारमध्ये चार माणसं आणि डबे-पिशव्या मिळून तीनशे किलो धरा. एक लिटर, अठरा किलोमीटर. तर एक टन ओझं किती गेलं? फक्त पाच किलोमीटर चारशे मीटर! आता सांगा, खादाड कोण आणि काटकसरी कोण? काकांनी हा हिशोब ऐकून भाच्याला चहाबरोबर बिस्किटाचा पुडाच घेऊन दिला.

तर मित्रांनो, 'गाडी किती देते?' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. पण गाडी विकताना तर एकच आकडा छापलेला असतो. 'लिटरला बावीस पूर्णांक अमुक किलोमीटर.' दशांश चिन्हासकट! तो येतो कुठून?

इथंच आपली दुसरी एमआयडीसी येते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही संस्था आहे. १९६६ साली ती सुरू झाली. देशात इतरही काही सरकारमान्य ठिकाणी अशा चाचण्या होतात, पण लोकांच्या तोंडी बसलंय ते हेच नाव. तिथं गाड्या ज्या पद्धतीनं तपासतात, त्या पद्धतीचं नाव काय असेल? 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. पहिली अक्षरं घ्या. एमआयडीसी!

आहे की नाही मज्जा? एका एमआयडीसीत सळया बनतात, दुसऱ्या एमआयडीसीत मायलेजचा आकडा बनतो. दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण दोन्हीकडे रोलर मात्र आहेत!

कारण चाचणीतली गाडी रस्त्यावर जातच नाही. ती एका बंद खोलीत उभी असते. तिची चाकं मोठ्या रोलरांवर ठेवलेली असतात. चाकं फिरतात, रोलर फिरतात, गाडी जागच्या जागी! रस्त्यावर हवा गाडीला अडवते, तसा अडथळा रोलरांना मुद्दाम दिला जातो. ड्रायव्हरसमोर एक पडदा असतो, त्यावर एक रेघ सरकत असते. कोणत्या सेकंदाला वेग किती हवा, ते ती रेघ सांगते. ड्रायव्हरनं फक्त त्या रेघेवरून गाडी चालवायची. अगदी व्हिडिओ गेमसारखं.

या रेघेचे दोन भाग असतात. पहिला शहरी. थांबा, निघा, गिअर बदला, पुन्हा थांबा. १९५ सेकंदांचा हा तुकडा चार वेळा येतो आणि यात वेग ५० च्या वर जात नाही. दुसरा भाग शहराबाहेरचा, ४०० सेकंदांचा. त्यात वेग ९० पर्यंत जातो, पण ९० च्या वर एकदाही नाही. सगळं मिळून ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. अंतर साधारण १०.६ किलोमीटर. झाली चाचणी!

पेट्रोल किती जळलं, हे कसं मोजतात ठाऊक आहे? धुरावरून! गाडीच्या मागच्या नळीतून बाहेर पडणारा वायू गोळा करतात आणि त्यात कार्बन किती आहे ते तपासतात. पेट्रोलमधला कार्बन जाणार कुठं? तो धुरातच येणार. त्यावरून उलटा हिशोब करून पेट्रोल काढतात. जेवून उठलेल्या माणसाच्या ताटातल्या खरकट्यावरून तो किती जेवला हे ओळखावं, तसंच काहीसं. जाता जाता एक नवल सांगतो. एक लिटर पेट्रोलचं वजन किलोभरसुद्धा नसतं, पाऊण किलोच्या आसपास असतं. पण ते जळून जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याचं वजन भरतं सुमारे २.३ किलो! जादू नाही. जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन पकडतो, त्याचं ते वजन.

म्हणजे छापलेला आकडा खोटा असतो का? घरोघरी बाबा-काका असंच म्हणतात, 'कंपनीवाले फसवतात.' मला ते पटत नाही. आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्याच प्रवासाचा आहे. खोलीत वारा नाही, चढ नाही, खड्डे नाहीत, टपावर सामान नाही, एसी बंद आणि वाटेत म्हैस आडवी येत नाही! तो प्रवास तुम्ही-आम्ही कधी करतच नाही. मग त्या आकड्याचा उपयोग काय? उपयोग आहे. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम. सगळ्यांची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर झाली, की कुणाला जास्त गुण ते कळतं. पण गणितात ९५ मिळवणारा मुलगा बाजारातून भाजी आणताना फसणारच नाही, असं थोडंच आहे?

आणि प्रश्नपत्रिका बदलली, की गुणही बदलतात! विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं उदाहरण घ्या. पूर्वी त्यांची 'एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर' ही जाहिरात फक्त पहिल्या, शहरी भागावरून करता येत असे. २०२४ साली दोन्ही भाग धरून आकडा सांगायची पद्धत आली. झालं काय, टाटांच्या पंच या विजेच्या गाडीच्या मोठ्या बॅटरीचा आकडा होता ४२१ किलोमीटर, तो झाला ३६५. गाडी तीच, बॅटरी तीच. फक्त रेघ लांबली आणि ५६ किलोमीटर गायब! युरोपातही असंच झालं होतं. तिथली जुनी चाचणी २०१७ पासून बदलू लागली आणि १३१ च्या वेगापर्यंत जाणारी नवी, लांब चाचणी आली. कागदावरची मायलेजं तिथंही खाली आली.

बरं, कंपनीच्या आकड्याचं आपण समजू शकतो. तो लांब पुण्यात निघाला. पण आपल्याच गाडीत, आपल्या डोळ्यांसमोर जो आकडा दिसतो, त्याचं काय? हल्लीच्या गाड्यांत काट्याशेजारी छोट्या पडद्यावर लिहिलेलं असतं, '१२० किलोमीटर'. म्हणजे उरलेल्या पेट्रोलवर गाडी एवढी जाईल. याला रेंज म्हणतात. हा आकडा तर आपल्याच गाडीचा. मग तो तरी पक्का?

यासाठी आपल्याला जालन्याच्या एमआयडीसीतून निघून निधोन्याच्या बाजूला जायला हवं. तिथं समृद्धी महामार्गावर चढता येतं. नागपूर ते मुंबई असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. जालना जिल्ह्यात तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंनी कुंपण. वाटेत चौक नाही, सिग्नल नाही. कारला ताशी १२० पर्यंत वेगाची परवानगी. पण यात एक मेख आहे. वाटेल तिथं उतरता येत नाही. ठरावीक ठिकाणीच खाली यायची वाट आहे. साध्या रस्त्यावर पेट्रोल संपलं तर पुढच्या फाट्यावर बाटली घेऊन जाता येतं. इथं कुंपणापलीकडे गाव दिसतं, पण पोचणार कसं?

माझ्या ओळखीचं एक कुटुंब जालन्याहून शिर्डीला निघालं होतं. आई, बाबा, आजी आणि मागच्या सीटवर सातवीतली मुलगी. पडद्यावर आकडा होता १२०. बाबा म्हणाले, "पुढं कुठंतरी भरू." रस्ता मोकळा, वेग १२० च्या जवळ, एसी चालू. मुलीला एक छंद. तिची नजर सारखी त्या आकड्यावर. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, आपण अठ्ठावीस किलोमीटर आलो, पण आकडा चौसष्ट झालाय. म्हणजे छप्पन्ननं उतरला!"

बाबा म्हणाले, "असं कसं होईल? बिघडलं असेल मशिन."

मशिन बिघडलं नव्हतं. त्यानं काय केलं, ते बघा. टाकीत होतं सहा लिटर. गाडी आदल्या दिवसांत आरामात, साठ-सत्तरच्या वेगानं फिरली होती, तेव्हा लिटरला वीस किलोमीटर पडत होते. मशिननं गुणाकार केला, सहा गुणिले वीस, एकशेवीस. त्याला काय माहीत की आज तुम्ही समृद्धीवर चढणार? त्याला फक्त मागचं आठवतं, पुढचं दिसत नाही! समृद्धीवर चढल्यावर लिटरला चौदाच पडू लागले. अठ्ठावीस किलोमीटरला दोन लिटर संपले. उरले चार. मशिनच्या लक्षात आलं, अरे, आज काहीतरी वेगळं आहे. त्यानं आपली सरासरी वीसवरून सोळावर आणली. चार गुणिले सोळा, चौसष्ट. पण हेसुद्धा जास्तच होतं. गाडी खरी चौदानं चालली होती. म्हणजे पुढं उरले होते फक्त छप्पन्न.

मुलीनं वहीत हाच हिशोब मांडून बाबांना दाखवला. आजी म्हणाल्या, "अरे, पोरगी सांगतेय तर ऐक की." बाबांनी एसी बंद केला, वेग ऐंशी-नव्वदवर आणला. आणि काय आश्चर्य! पुढचे काही किलोमीटर पडद्यावरचा आकडा जवळजवळ हललाच नाही. सावंगीजवळ उतरायची वाट आली, तिथून खाली उतरून त्यांनी संभाजीनगरात टाकी भरली. वाट तशीच पुढं सोडली असती आणि पुढच्या पंपाचा अंदाज चुकला असता, तर भर उन्हात आजीला घेऊन कुंपणाच्या आत उभं राहायची वेळ आली असती.

वेग कमी केल्यावर एवढा फरक का पडला? याचं कारण आहे हवा. हवा दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं ती काही अडवत नाही. पण चालत्या गाडीच्या खिडकीतून येणारा वारा आठवा. साठच्या वेगाला केस उडतात, शंभरच्या वेगाला डोळे उघडवत नाहीत. (खिडकीबाहेर हात काढून बघायचं नाही हं!) वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ऐंशीवरून एकशेवीस म्हणजे वेग दीडपट, आणि विरोध दीड गुणिले दीड, सव्वादोन पट! गाडी म्हणजे हवेत बोगदा पाडत जाणारं यंत्रच म्हणा ना. टपावर गाठोडं बांधलं, की बोगदा आणखी मोठा. इंधनबचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पीसीआरए ही सरकारी संस्था म्हणूनच कारवाल्यांना ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. समृद्धीवर कुणी पंचावन्ननं जाणार नाही हे खरं, आणि मोठ्या महामार्गावर फार हळू जाणंही धोक्याचंच. पण एकशेवीस आणि नव्वद यांच्या मधला फरक तुमच्या बाबांच्या खिशाला नक्की कळतो.

दुसरं कारण चढ-उताराचं. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. मुंबईहून जालन्याला येणारी गाडी म्हणजे दीडशे-पावणेदोनशे मजल्यांची इमारत चढते म्हणा ना! माणसांसकट बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर वर उचलायची, तर नुसत्या त्या कामासाठी पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. कारण पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून मुंबईला जाताना गाडी 'छान' देते आणि येताना 'बिघडते'. बिघडत काही नाही, डोंगर चढते बिचारी.

उतारावरून आठवलं. पुष्कळ जण घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. का, तर पेट्रोल वाचतं म्हणे! जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळातली ही समजूत आहे. हल्लीच्या गाड्यांत उलटंच आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंजिनाचं पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये टाकली, तर इंजिन चालू राहण्यासाठी थोडंथोडं पेट्रोल जळतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. म्हणजे पेट्रोलही जातं आणि जीवही टांगणीला.

काट्याबद्दल सांगायचं राहिलंच. टाकीत एक तरंगणारा फुगा असतो, दांड्याला जोडलेला. पेट्रोल वर तर फुगा वर, पेट्रोल खाली तर फुगा खाली. त्यावरून काटा हलतो. म्हणून घाटात गाडी कलली, की पेट्रोल एका बाजूला जातं आणि रिझर्व्हचा दिवा लुकलुकतो. सपाटीवर आलं की विझतो. शिवाय टाकी काही शाळेच्या डब्यासारखी चौकोनी नसते. सीटखाली, चाकाशेजारी जिथं जागा मिळेल तिथं वाकडीतिकडी बसवलेली असते. म्हणून काटा पहिल्या अर्ध्या टाकीला वेळ लावतो आणि दुसऱ्या अर्ध्यात भराभरा खाली येतो, असं पुष्कळ गाड्यांत दिसतं. तुमच्या आजोबांच्या स्कूटरला तर काटाच नव्हता! पायाजवळ एक कॉक असायचा. स्कूटर आचके देऊ लागली, की तो रिझर्व्हवर फिरवायचा. तेही संपलं, की स्कूटर एका अंगाला आडवी करायची, कोपऱ्यातलं चमचाभर पेट्रोल खाली यायचं आणि पंपापर्यंत कशीबशी पोचायची. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्या काळात मराठवाड्यातल्या घराघरांत हा व्यायाम चालायचा.

आणखी एक नवं कारण आहे, आणि ते उसाच्या मळ्यातून येतं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात. ते उसापासून, मक्यापासून, तांदळापासून बनतं. २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. करा गणित! पेट्रोलची ऊर्जा १०० धरली, तर इथेनॉलची झाली ६६. ८० टक्के पेट्रोलचे ८०, आणि २० टक्के इथेनॉलचे सुमारे १३. एकूण ९३. म्हणजे ऊर्जा सात टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या जुन्या कारचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी, आणि नव्या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या कारचं १ ते २ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे बाबा म्हणाले, 'हल्ली गाडी कमी देते', तर त्यात थोडं तथ्य असू शकतं. शेतकऱ्याला उसाचे पैसे मिळतात आणि परदेशातून आणायचं तेल वाचतं, ही त्याची दुसरी बाजू. घरात दोन मतं असतील, तर जेवताना वाद घाला. पण आकडे घेऊन घाला!

आणि आकडे मिळवायचे कसे? कंपनीचा आकडा नको, पडद्यावरचा नको. आपला वजनकाटा आपणच करायचा. ट्रक आधी रिकामा तोलतात, मग भरलेला, तसंच. पंपावर गेलात, की नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची. त्यावर आणखी ठासून भरायचं नाही. गाडी एकूण किती चालली तो आकडा वहीत लिहायचा, समजा २३,४१०. मग नेहमीसारखी गाडी वापरायची. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरायची. आता आकडा झाला २३,८०६ आणि पेट्रोल बसलं २२ लिटर. वजाबाकी ३९६. भागिले २२. उत्तर अठरा! हे झालं तुमच्या गाडीचं, तुमच्या रस्त्यावरचं, तुमच्या बाबांच्या पायाचं खरं ॲव्हरेज. एकदा करून भागत नाही. चार-पाच वेळा करा आणि शेजारी लिहा, 'टायरमध्ये हवा भरली', 'मामाकडे गेलो, एसी पूर्ण वेळ', 'नुसतं गावात'. मापाचाच संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं, सरकारी शिक्का असलेलं माप असतं, ते मागून बघायचा ग्राहकाला हक्क आहे.

महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या घरात वीस आणि पंधरा यांत फरक किती, तर सुमारे सतरा लिटर! पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी सतराशे रुपये. कर्जाचा हप्ता ठरवताना ज्यांनी छापील आकड्यावर पेट्रोलचा खर्च धरला असेल, त्यांना दर महिन्याला हे सतराशे कुठूनतरी काढावे लागतात.

जालन्याच्या त्या ड्रायव्हरकाकांकडे वहीही नव्हती आणि पडदाही नव्हता. निघताना त्यांनी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत एक काठी घातली, बाहेर काढून ओल कुठवर आली ते बोटानं मोजलं. म्हणाले, "घाटापर्यंत आरामात." आणि सळयांच्या टोकांना बांधलेलं लाल फडकं हलवत ट्रक निघून गेला.

आता एक गणित तुमच्यासाठी. जालन्याहून शिर्डीला समृद्धीवरून जायचंय, अंतर धरा १५० किलोमीटर. टाकीत आहे साडेदहा लिटर. पडदा म्हणतो, '२१०'. वेग १२० ठेवला तर गाडी लिटरला १४ देते, ९० ठेवला तर १७. दोन्ही वेगांनी किती वेळ लागेल, आणि शिर्डीला पोचल्यावर टाकीत किती उरेल? एका उत्तरात काहीतरी गडबड निघेल. ती कोणत्या किलोमीटरला, ते शोधा. मग बाबांना विचारा, किल्ली कधी फिरवायची!